अंतराळ स्थानकातील प्राण्यांची देखभाल: मुलीला या वाटेने जाऊ द्यावे का?

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी अकरावी विज्ञानाला आहे. जून 2025 मध्ये शुभांशू शुक्ला टार्डिग्रेड हे सूक्ष्म जीव प्रयोगासाठी घेऊन आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले, तेव्हापासून तिने ‘मला अंतराळातल्या प्राण्यांची काळजी घ्यायची आहे’ असे मनात घेतले आहे. घरातील मंडळी तिला इंजिनिअरिंगकडे वळवू पाहत आहेत. आणि गल्लीतल्या जखमी कुत्र्याला पाहून जेवण सोडणारी ही मुलगी प्रयोगशाळेत टिकेल का, अशी आपली स्वतःची शंका आहे. मला घरच्यांच्या आग्रहापेक्षा आपली शंका अधिक मोलाची वाटते. त्या शंकेचे उत्तर देण्याआधी हे काम प्रत्यक्षात कसे असते ते सांगते, कारण बातम्यांतून त्याचा अंदाज येत नाही.

अंतराळ स्थानकात ‘प्राण्यांची देखभाल करणारा’ असे वेगळे पद नाही. तेथील रोजची कामे प्रशिक्षण घेतलेले अंतराळवीरच करतात. पशुवैद्यक अंतराळात गेलेच नाहीत असे मात्र नाही: 1993 मध्ये मार्टिन फेटमन स्पेस शटलमधून गेले आणि त्यांच्या मोहिमेत उंदरांचे विच्छेदन प्रथमच कक्षेत झाले, तर रिचर्ड लिनेहन हे दुसरे पशुवैद्यक 1998 च्या न्यूरोलॅब या मज्जासंस्थेच्या अभ्यासाच्या मोहिमेवर होते. पण अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. खरे काम जमिनीवर चालते, म्हणजे कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात, जपानमध्ये त्सुकुबा येथील अंतराळ केंद्रात आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या विद्यापीठांत. पिंजरा तयार करणे, योग्य प्राणी निवडून त्यांना त्या पिंजऱ्याची सवय लावणे, उड्डाणानंतर व्हिडिओवरून त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे आणि परत आलेल्या नमुन्यांचा अभ्यास करणे, असे त्याचे स्वरूप असते.

पिंजऱ्याचेच पाहा. नासाने 2014 पासून स्थानकात जे उंदीर पाठवले, त्यांच्या एका पिंजऱ्यात दहापर्यंत उंदीर राहू शकतात. भारहीन अवस्थेत दाण्यांचा चुरा हवेत तरंगत राहील, म्हणून खाद्याच्या घट्ट वड्या भिंतीला चिकटवलेल्या असतात. पाणी वाटीत राहणार नाही, म्हणून ते दाबाखालच्या नळीतून येते आणि उंदराने झडप चाटली की मिळते. पंख्यांनी हवेचा प्रवाह एकाच दिशेने वाहता ठेवलेला असतो, जेणेकरून लेंड्या आणि मूत्र गाळणीपर्यंत ओढले जावे. हे सारे अनुभवातून आलेले शहाणपण आहे, कारण 1985 च्या स्पेसलॅब-3 या स्पेस शटलमधील प्रयोगशाळेच्या मोहिमेत माकडे आणि उंदीर होते आणि त्यांच्या पिंजऱ्यांतून खाद्याचे कण व विष्ठा थेट माणसांच्या वावराच्या जागेत तरंगत आली होती. उंदीर पायांनी जाळीला धरून चालायला लवकर शिकतात, आणि आठवड्याभरात त्यांतील तरुण उंदीर पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल धावू लागतात, असे 2014 च्या चित्रफितींत दिसले. हे धावणे खेळ आहे, व्यायाम आहे की अस्वस्थता आहे, हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही असा माणूस या क्षेत्राला हवा असतो. आपली मुलगी असे प्रश्न विचारते का, याकडे जरूर लक्ष द्या.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारेल. अंतराळवीरांच्या शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का कमी होते आणि स्नायूही झिजतात. उंदराचे आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे असल्याने त्याच्या एका महिन्यात जे बदल दिसतात, ते माणसात दिसायला वर्षे लागतील. जपानने 2016 मध्ये बारा उंदीर पाठवले, त्यांपैकी काहींना फिरत्या यंत्रात ठेवून पृथ्वीइतके कृत्रिम गुरुत्व दिले आणि 35 दिवसांनी सर्वांना जिवंत परत आणले. त्यामुळे कोणता बदल भारहीनतेमुळे झाला आणि कोणता प्रवासामुळे, हे वेगळे काढता आले.

आता आपली शंका. परत आणलेल्या त्या उंदरांच्याही अवयवांचा नंतर अभ्यास झाला, आणि त्यासाठी त्यांना मारावेच लागते. नासाच्या अनेक मोहिमांत तर हे काम स्थानकातच होते आणि अवयव गोठवून खाली पाठवले जातात. न्यूरोलॅब मोहिमेत उंदरांच्या नवजात पिल्लांपैकी बरीच पिल्ले आईने नीट न सांभाळल्याने दगावली आणि उरलेल्यांना जगवण्यासाठी अंतराळवीरांना हाताने भरवावे लागले. हे मुलीपासून लपवू नका. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत पहिल्यांदा कळण्यापेक्षा आज घरात कळलेले बरे.

त्याचबरोबर, तिचा हळवेपणा या कामात अडचणच ठरेल, असे मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि असे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची नैतिकता समिती नेमावी लागते, जिच्यात पशुवैद्यक असतोच. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग आहे का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न तेथे विचारायचे असतात. ते कळकळीने विचारणारी माणसे मला तरी फार भेटलेली नाहीत. प्राण्यांचे हाल होऊ नयेत म्हणून प्रयोगशाळेत थांबणे आणि प्राण्यांचे हाल पाहवत नाहीत म्हणून बाहेर पडणे, या दोन्ही वाटा प्रामाणिकच आहेत; तिची कोणती, हे तिलाच ठरवू द्यावे. सस्तन प्राण्यांवर काम करणे जड जात असेल, तर माशांवरचे कामही आहे: जपानने 2012 मध्ये मेडाका मासे स्थानकात ठेवले आणि चीनने 2024 मध्ये आपल्या स्थानकात झेब्रामासे नेले.

वाटांविषयी थोडक्यात. माझा कल पशुवैद्यक पदवीकडे आहे. ती इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असते. महाराष्ट्रात नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परळ, शिरवळ, परभणी, उदगीर अशी महाविद्यालये आहेत आणि प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. अंतराळाचे जुळले नाही तरी प्रयोगशाळांची प्राणीगृहे, औषध कंपन्या, लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी हे पद किंवा स्वतःचा दवाखाना, असा पोटापाण्याचा मार्ग हाती राहतो. दुसरी वाट पुण्याच्या आयझरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) संस्थेत मूलभूत विज्ञान शिकून पुढे पीएचडीची. इंजिनिअरिंगलाही मी नाके मुरडणार नाही, कारण वर सांगितलेला पिंजरा इंजिनिअरांनीच बनवला आहे. मात्र घरच्यांची समजूत काढण्यापुरते ते घेऊ नये.

नासाच्या कायम सरकारी नोकरीसाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते, हे आधीच लक्षात असू द्या. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग 2028 मध्ये पाठवण्याचे आणि स्थानक 2035 पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे, आणि तिचे पदव्युत्तर शिक्षण त्याच सुमारास संपेल. तरीही अशा योजना पुढेमागे होतात, त्यामुळे पदवीची निवड केवळ त्या तारखांवर करू नये.

या सुट्टीत तिला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, डॉक्टरांची परवानगी घेऊन, दोन आठवडे बसू द्या. शस्त्रक्रिया आणि शवविच्छेदनही पाहू द्या, आणि ती घरी येऊन काय सांगते ते मध्ये न बोलता ऐका. अंतराळातील जैविक प्रयोगांची माहिती नासाने सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे, ती इंटरनेटवर चाळायला लावा. अर्धी कळली नाही तरी चालेल. तिने जीवशास्त्रासाठी गणित सोडण्याचा विचार चालवला आहे, असे आपण लिहिले आहे. तसे करू देऊ नका, कारण आयझरच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात. कॉलेजात विषय बदलण्याची मुदत कधी संपते, याची चौकशी याच आठवड्यात करावी.

आपली,
करिअर मार्गदर्शक