इंटिग्रेशन टेस्ट तीनशे आहेत, पण लाल झाल्या तरी कोणी बघत नाही. मांडणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की क्लाउडवरच्या तुमच्या सॉफ्टवेअरच्या आठ-दहा सर्व्हिसेस आहेत, त्या एकमेकींशी जुळवून नीट चालतात का हे बघणाऱ्या तीनशेच्या आसपास इंटिग्रेशन टेस्ट आहेत, रोज रात्री त्यातल्या पाच-सहा लाल होतात, म्हणजे फसतात, आणि सकाळी 'परत रन कर, होईल हिरवं' म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. फोल्डर कसे पाडावेत, असं तुम्ही विचारताय. फोल्डरचं सांगतोच, पण दुखणं तिथे नाही. लाल दिवा खरा की खोटा हे तुमच्याकडे कोणालाच ओळखता येत नाही, दुखणं ते आहे.

मी काही वर्षं ओपनस्टॅकवर उभारलेल्या एका प्रायव्हेट क्लाउडच्या टेस्ट सांभाळल्या. ओपनस्टॅक हे नासा आणि रॅकस्पेसने २०१० साली सुरू केलेलं ओपन सोर्स क्लाउड सॉफ्टवेअर. मशीन देणारी नोव्हा, नेटवर्कची न्यूट्रॉन, डिस्कची सिंडर अशा त्याच्या वेगवेगळ्या सर्व्हिसेस, आणि त्या सगळ्यांना एकत्र तपासणारा टेम्पेस्ट नावाचा टेस्टसंच. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. मला जे येतं त्यातलं निम्मं त्यातून आलंय, निम्मं मार खाऊन.

आधी मार सांगतो. आमच्या लॅबमध्ये बाहेरून पोचता येतील असे पन्नासेक फ्लोटिंग आयपी होते. सोमवारी सकाळी हटकून वीस-पंचवीस टेस्ट लाल, मंगळवारी कमी, बुधवारी जवळजवळ हिरवं. दोन महिने आम्ही नेटवर्कवाल्यांना शिव्या घातल्या. शेवटी एका सोमवारी मी नुसती आयपींची यादी काढून बघितली, तर सगळे वाटून संपलेले आणि निम्म्याहून जास्त कोणत्याच मशीनला जोडलेले नाहीत. आमच्या टेस्टमध्ये साफसफाई सगळ्यात खालच्या ओळींत होती. मध्येच एखादी तपासणी फसली की टेस्ट तिथेच थांबायची, खालच्या ओळी चालायच्याच नाहीत आणि आयपी तसाच पडून राहायचा. शनिवार-रविवारी रन चालू, हाताने आवरायला कोणी नाही. सोमवारी येऊन कोणीतरी चिडून सगळं पुसायचं, म्हणून बुधवारी हिरवं!

उपाय एका ओळीचा. पायथॉनच्या युनिटटेस्ट या टेस्ट लिहायच्या लायब्ररीत ॲडक्लीनअप आहे, तुमच्या भाषेत दुसरं काही असेल. वस्तू तयार केली की लगेच पुढच्या ओळीत तिची साफसफाई नोंदवायची. सेटअपच (टेस्टआधीची तयारी) अर्ध्यात फसला तर टिअरडाउन (टेस्टनंतरची आवराआवर) चालत नाही, ॲडक्लीनअप मात्र चालतं. ते उलट्या क्रमाने चालतं, म्हणजे शेवटी नोंदवलेलं आधी, आणि हे फार सोयीचं आहे. मशीन, मग डिस्क, मग जोडणी असं केलं असेल तर आवरताना आधी जोडणी सुटते, मग डिस्क जाते, मग मशीन. आणखी एक खाच अशी की क्लाउडमध्ये 'डिलीट' म्हटल्यावर सर्व्हिस हो म्हणते, पण वस्तू काही सेकंद तिथेच असते. त्यामुळे 'खरोखर गेली का, थांबून बघ' हे आधी नोंदवायचं आणि 'डिलीट कर' हे नंतर. चालताना क्रम आपोआप सरळ होतो. टेम्पेस्टच्या कोडमध्ये ही जोडी जागोजाग दिसेल.

दुसरं कारण, एकच टेस्ट अकाउंट सगळ्यांनी वापरणं. टेम्पेस्ट दर टेस्ट क्लासला नवा प्रोजेक्ट आणि नवा युजर काढून देऊ शकतं, त्यामुळे क्लास समांतर चालवले तरी एकीचा कोटा दुसरी खात नाही. तुमच्या क्लाउडवर इतकं जमत नसेल तर निदान प्रत्येक वस्तूच्या नावात टेस्टचं नाव आणि एक रँडम आकडा घाला. टेम्पेस्टही तसंच करतं. अनाथ डिस्क सापडली की आई कोण हे नावावरूनच कळतं.

'स्लीप ६०', म्हणजे डोळे मिटून साठ सेकंद थांबणाऱ्या ओळी, सगळीकडून काढा. टेम्पेस्ट मशीन तयार होण्याची वाट डीफॉल्टने दर सेकंदाला विचारून, जास्तीत जास्त ३०० सेकंद बघतं. आणि मशीनची स्थिती 'ॲक्टिव्ह' झाली म्हणजे ते आतून बूट झालं असं नव्हे. आत शिरायचं असेल तर एसएसएच (दुरून मशीनमध्ये लॉगिन करायची सोय) लागेपर्यंत वेगळं थांबावं लागतं. आमच्या खोट्या लाल दिव्यांतले बरेचसे इथले होते.

आता फोल्डर. टेम्पेस्टमध्ये मुख्य दोन: एपीआय (सर्व्हिसला बाहेरून काम सांगायची ठरलेली दारं) आणि सिनॅरिओ. एपीआयमध्ये सर्व्हिसप्रमाणे उपफोल्डर आणि लहान, नेमक्या टेस्ट. सिनॅरिओमध्ये वापरणाऱ्याच्या वाटेने जाणाऱ्या लांब टेस्ट: मशीन सुरू कर, डिस्क जोड, फ्लोटिंग आयपी लाव, आत शिर, रीबूट कर, डिस्क अजून दिसते का बघ. दुसऱ्या प्रकारच्या कमीच ठेवा. त्या फसल्या की दोष कोणाचा हे शोधण्यात दुपार जाते.

फोल्डरपेक्षा मला टेम्पेस्टचे दोन नियम मोलाचे वाटतात. पहिला, टेस्टने फक्त सार्वजनिक एपीआयशीच बोलायचं, डेटाबेसमध्ये डोकवायचं नाही. आमच्याकडे चार टेस्ट टेबल वाचायच्या, एका कॉलमचं नाव बदललं आणि चारही आडव्या, ग्राहकाला मात्र फरक शून्य. दुसरा, या टेस्ट सर्व्हिसच्या रेपोत (कोड ठेवायच्या कोठारात) नाहीत, वेगळ्या रेपोत आहेत. हे सुरुवातीला मला गैरसोयीचं वाटायचं. पण टेस्ट शेजारीच असली की एपीआयचं उत्तर बदलणारा माणूस त्याच कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या त्याच बदलात, टेस्टही बदलून मोकळा होतो, आणि ग्राहकाचं मोडलं हे कोणाच्या लक्षातच येत नाही. वेगळ्या रेपोत त्याला दुसऱ्याकडे जाऊन सांगावं लागतं, आणि तिथे कोणीतरी 'का?' विचारतं. सगळंच मध्यवर्ती रेपोत कोंबू नका मात्र. टेम्पेस्टने आपल्याकडे सहाच मूळ सर्व्हिसेस ठेवल्या, बाकीच्यांच्या टेस्ट त्यांनी त्यांनी प्लगइन (वरून जोडायचा वेगळा तुकडा) म्हणून सांभाळायच्या.

'परत रन कर' बंद होणार नाही, उगाच फतवा काढू नका. पण कारण लिहायला लावा. ओपनस्टॅकवाले रीचेक, म्हणजे परत रन, मागताना कारण द्यायला सांगतात. आम्ही एक साधी शीट केली: टेस्ट, तारीख, लॉगमधली नेमकी ओळ. महिनाभरात दिसलं की साठ-सत्तर खोट्या लाल दिव्यांमागे कारणं जेमतेम पाच होती.

तीनशेच्या तीनशे पुन्हा लिहायला बसू नका. आधी साफसफाई आणि नावं, मग ती शीट. नंतर जुना कचरा उचलणारी रात्रीची स्क्रिप्ट लिहाल तेव्हा ती कोणत्या नावावर डिलीट करते हे दोनदा वाचा. आमची पहिली स्क्रिप्ट 'टेस्ट'ने सुरू होणारं सगळं उडवायची, आणि सेल्सवाल्यांनी दुसऱ्या दिवशीच्या डेमोसाठी लावलेल्या मशीनचं नाव होतं 'टेस्ट फायनल'.