पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आणि दरवर्षीचे शुल्क

लातूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या शासकीय रुग्णालयात परिचारिका आहेत, पती कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहेत, मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. गेल्या रविवारी शहरातल्या एका हॉटेलात जेवणाचे निमंत्रण देऊन त्यांना सुट्टीच्या सभासदत्वाची, म्हणजे टाइमशेअरची माहिती देण्यात आली आणि तीन तासांच्या बोलण्यानंतर त्यांनी त्याच संध्याकाळी करारावर सह्या केल्या. किंमत ४,२०,००० रुपये, मुदत २५ वर्षे, दरवर्षी कंपनीच्या कोणत्याही रिसॉर्टमध्ये ७ रात्री. त्यांनी ६०,००० रुपये क्रेडिट कार्डाने भरले असून उरलेले ३,६०,००० रुपये दरमहा १०,२०० रुपयांच्या ४८ हप्त्यांत फेडायचे आहेत. शिवाय दरवर्षी २०,००० रुपये देखभाल शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. त्या विचारतात, ‘एवढे शुल्क भरून हे परवडते का? मुलांना जग दाखवायचे आहे, पण रविवारपासून मला नीट झोप लागलेली नाही.’

ताई, तुमचे पत्र आणि कराराच्या छायाप्रती मी दोनदा वाचल्या. तुमच्या हातात दिवस थोडे आहेत, म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. हे सभासदत्व तुमच्या घराला उपयोगाचे नाही. करारात रद्द करण्यासाठी १० दिवसांची जी मुदत दिली आहे ती येत्या बुधवारी संपते, त्याच्या आत ते लेखी रद्द करावे.

त्या संध्याकाळी तुमच्यासमोर सगळी चर्चा ४,२०,००० या आकड्याची झाली असणार, कारण त्यात घासाघीस करता येते, ‘आजच सही केली तर’ म्हणून सवलत देता येते आणि गिऱ्हाइकाला काही कमी करून घेतल्याचे समाधान मिळते. वार्षिक शुल्काची ओळ मात्र करारात मागच्या पानांवर आहे आणि तिथे लिहिले आहे की कंपनी हे शुल्क महागाईनुसार वाढवू शकेल. किती वाढवू शकेल याची कमाल मर्यादा कुठेही दिलेली नाही. आज जीएसटीसह २३,६०० रुपये असलेले हे शुल्क दरवर्षी केवळ ६ टक्क्यांनी वाढले, तरी पंचविसाव्या वर्षी ते सुमारे ९५,५०० रुपये होईल आणि २५ वर्षांत भरलेल्या शुल्काची बेरीज १२,९५,००० रुपयांच्या जवळ जाईल. म्हणजे ज्या किमतीवर तुम्ही घासाघीस केली तिच्या तिपटीहून अधिक रक्कम त्या एका ओळीत आहे.

सहा टक्के हा आकडा मी फुगवून घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी नांदेडचे एक निवृत्त दांपत्य माझ्याकडे प्लॅस्टिकची एक फाइल घेऊन आले होते. तिच्यात अशाच एका सभासदत्वाच्या १४ वर्षांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. पहिली ६,२०० रुपयांची होती आणि शेवटची १६,९०० रुपयांची, म्हणजे वर्षाला सरासरी ८ टक्क्यांची वाढ. ज्या वर्षी ते खरोखर कुठे गेले त्या पावतीवर काकूंनी पेन्सिलीने गावाचे नाव लिहून ठेवले होते. चौदा पावत्यांपैकी पाचांवर गावांची नावे होती. बाकीच्या नऊ वर्षांचे शुल्कही त्यांनी भरले होते, कारण शुल्क थकले की आरक्षण मिळत नाही, थकबाकीवर व्याज चढते आणि शेवटी सभासदत्व रद्द होऊन मूळ पैसेही जातात. तुमच्या करारातही हीच तरतूद आहे.

आता कंपनीच्या बाजूनेही हिशोब मांडला पाहिजे, नाहीतर तो न्याय्य होणार नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की हॉटेलचे भाडेही दरवर्षी वाढणारच, तेव्हा आजच्या भावात २५ वर्षांच्या खोल्या मिळत असतील तर फायदाच आहे. हे म्हणणे तपासून पाहू. समजा तुम्ही सभासदत्व घेतले नाही आणि तेच ४,२०,००० रुपये ७ टक्के व्याजाने गुंतवले. एका वर्षाने त्यातून २०,००० रुपये काढले आणि पुढे दरवर्षी ही रक्कम ६ टक्क्यांनी वाढवत नेली, तर ते पैसे बरोबर २५ वर्षे पुरतात. त्यात जे शुल्क तुम्ही भरणारच होता ते २३,६०० मिळवा. म्हणजे सहलीतल्या मुक्कामासाठी वर्षाला ४३,६०० रुपये हाती राहतात आणि तेही हॉटेलच्या भाड्यासारखेच दरवर्षी वाढत जातात. सात रात्रींनी भागले तर एका रात्रीला सुमारे ६,२०० रुपये होतात. व्याजावर कर भरावा लागला तर हा आकडा ५,८०० च्या आसपास येईल.

थोडक्यात, ज्या कुटुंबाला एरवीही रात्रीला सहा हजारांहून महाग खोली घ्यायचीच आहे आणि जे २५ वर्षे, दरवर्षी, पूर्ण सात रात्री वापरणार आहे, त्याला हे सभासदत्व किफायतशीर ठरू शकते. अशी कुटुंबे असतात. ज्यांना मे आणि दिवाळीची वाट पाहावी लागत नाही, जे सहा-आठ महिने आधी तारखा ठरवतात आणि खोलीतल्या छोट्या स्वयंपाकघराचा पुरेपूर उपयोग करतात, असे काही लोक माझ्या ओळखीचे आहेत आणि ते समाधानी आहेत.

तुमचा हिशोब वेगळा आहे आणि तो तुम्हीच पत्रात लिहून पाठवला आहे. गेल्या पाच वर्षांत तुम्ही गणपतीपुळ्याला ३ रात्री, हैदराबादला २ रात्री आणि केरळात ५ रात्री राहिलात. पाच वर्षांत दहा रात्री, म्हणजे वर्षाला सरासरी दोन, आणि त्यातली सर्वांत महाग खोली केरळातली, ४,२०० रुपयांची. त्याच सवयीने वर्षाला दोन रात्री वापरल्या तर वरच्या हिशोबाने तुमची एक रात्र २१,८०० रुपयांना पडेल. आता नियमाने फिरायचेच असे ठरवून चार रात्री वापरल्या तरी ती १०,९०० रुपयांना पडते. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात असे तुम्हाला सांगितले गेले ते खरे आहे, पण त्या पुढे नेल्या तरी दोन्ही वर्षांचे शुल्क भरावेच लागते. शिवाय हा सगळा हिशोब फक्त खोलीच्या भाड्याचा आहे. लातूरहून महाबळेश्वर किंवा गोवा गाठायचे तर येण्या-जाण्यात दोन दिवस आणि गाडीभाडे जाते आणि रिसॉर्टमधले जेवणही वेगळेच असते.

याहून मोठी अडचण मला कराराला जोडलेल्या रंगीत दिनदर्शिकेत दिसली. वर्षाचे आठवडे तीन रंगांत विभागलेले आहेत आणि तुम्हाला विकलेले सभासदत्व मधल्या रंगाचे आहे. त्या रंगात संपूर्ण मे महिना, दिवाळीचे दोन आठवडे आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा येत नाही. तुमचे पती शिक्षक आहेत, त्यांना सलग रजा मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत. तुम्हाला पाळीच्या नोकरीतून रजा जुळवून घ्यावी लागते. मुलांच्या शाळेला सुट्टी त्याच दिवसांत असते. म्हणजे तुम्ही चौघे एकत्र बाहेर पडू शकाल असे जवळजवळ सगळे दिवस या करारात तुमच्यासाठी बंद आहेत. जुलै-ऑगस्टच्या पावसात आणि फेब्रुवारीत, परीक्षांच्या तोंडावर, खोल्या सहज मिळतील, पण त्या घेणार कोण? मला वाटते हे पान त्या संध्याकाळी कोणी तुमच्यासमोर उलगडून दाखवले नसावे.

मुलगी नववीत आहे आणि तिला वैद्यकीय शाखेकडे जायचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. लातुरात राहणाऱ्याला पुढच्या चार वर्षांचे चित्र काढून दाखवायची गरज नाही. दहावीच्या सुट्टीतच अकरावीचे वर्ग सुरू होतात, मे महिना शिकवण्यांचा होतो आणि नीटची परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला येते. या चार वर्षांत तुमच्या घरातून कोणी सात रात्री बाहेर राहील असे मला वाटत नाही. तुमचे ४८ हप्ते जवळपास त्याच सुमारास संपतील, जेव्हा तिच्या प्रवेशासाठी मोठी रक्कम हाताशी लागेल. सर्वांत कमी वापराची वर्षे आणि सर्वांत जास्त भरण्याची वर्षे इथे एकच झाली आहेत.

हप्त्यांविषयीही एक गोष्ट समजून घ्या. व्याज ९ टक्के आहे असे तुम्हाला सांगितले गेले. तुम्ही ४८ महिन्यांत ४,८९,६०० रुपये भरणार, म्हणजे ३,६०,००० वर १,२९,६०० रुपये व्याज. मूळ रकमेवर चार वर्षे सरसकट आकारले तर ते ९ टक्केच दिसते. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, आणि बँका आकारतात तसे घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर १६ टक्के निघतो. हे कर्ज एखाद्या बँकेने किंवा वित्त कंपनीने दिले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना प्रत्यक्ष वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. तुमच्या कागदांत ते मला सापडले नाही. ते मागून घ्या.

पत्रात तुम्ही याला एके ठिकाणी ‘गुंतवणूक’ म्हटले आहे. कृपा करून तो शब्द मनातून काढून टाका. तुम्ही कोणत्याही जागेच्या मालक होत नाही, ठरावीक काळ खोली वापरण्याचा हक्क तेवढा विकत घेता आणि त्याला तयार बाजार नाही. विकायचे म्हटले तर कंपनीची परवानगी व हस्तांतर शुल्क लागते आणि जुनी सभासदत्वे मूळ किमतीच्या कितीतरी खाली देऊ केलेली दिसतात. आयकरातही याची काही सवलत नाही. सुट्टीच्या खोल्या आणि परतावा यांची सांगड घालून महाराष्ट्रात किती माणसे बुडाली हे आपण पाहिले आहे. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने लोकांकडून खोल्यांच्या रात्रींच्या नावाने पैसे गोळा केले, गुंतवणूक बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ साली त्यांना नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि २०१६ साली सुमारे ७,००० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. तुमचा करार त्या प्रकारचा नाही, त्यात परताव्याचे आश्वासन नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. परंतु ‘गुंतवणूक’ हा शब्द या धंद्यात तोंडी किती सहज वापरला जातो, हे कळावे म्हणून हा उल्लेख केला.

औसा तालुक्यातली चार एकर शेती आणि सोयाबीनचे उत्पन्न यांचाही तुम्ही उल्लेख केला आहे, म्हणून आपल्या भागाबद्दल दोन वाक्ये. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभी पिके वाहून गेली. अशा वर्षी आपण सर्वांत आधी सहल रद्द करतो, आणि ती रद्द करता येते म्हणूनच घर सावरते. वार्षिक शुल्क असे रद्द करता येत नाही.

आता पुढचे काम. युरोपीय संघात टाइमशेअरच्या ग्राहकाला १४ दिवसांत माघार घेण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे तुमचा आधार करारातले ते कलमच आहे आणि त्याची मुदत काटेकोरपणे पाळली पाहिजे. आजच पती-पत्नी दोघांच्या सहीचे पत्र तयार करा. त्यात करार क्रमांक, सहीची तारीख, रद्द करण्याचे कलम आणि ६०,००० रुपये क्रेडिट कार्डावर परत करण्याची मागणी एवढेच असावे, कारणे लिहू नका. ते करारात दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवा आणि छापील प्रत स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा. विक्रेत्याला फोनवर सांगणे पुरेसे नाही. हप्त्यांसाठी बँक खात्यातून आपोआप कपात करण्याच्या फॉर्मवर तुम्ही सही केली आहे, तेव्हा सोमवारी बँकेत जाऊन तो मॅन्डेट थांबवण्याचा अर्ज द्या आणि कर्ज वेगळ्या संस्थेचे असेल तर तिलाही हेच पत्र पाठवा.

कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे लातूरच्याच ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे.

मुलांना जग दाखवण्याची तुमची इच्छा मला मोलाची वाटते आणि ती पुढे ढकलू नका असेच मी सांगेन. दरमहा १०,२०० रुपये बाजूला काढण्याची तयारी तुम्ही केलीच होती. त्यातले ४,००० रुपये ‘सहल’ या नावाने आवर्ती ठेवीत टाका, वर्षाला ४८,००० जमतील. उरलेले ६,२०० मुलीच्या प्रवेशासाठी वेगळे ठेवा. चार वर्षांत नुसत्या मुद्दलाचेच २,९७,६०० होतात. सहलीचे पैसे ज्या वर्षी वापरले नाहीत त्या वर्षी ते तुमचेच राहतात आणि दहावीच्या परीक्षेनंतरच्या आठ दिवसांत तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला एमटीडीसीच्या निवासात चौघांना मिळून जाता येईल. हॉटेलच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही ५ टक्केच आहे.

पत्र गेल्यावर तुम्हाला बरेच फोन येतील, किंमत आणखी कमी करू, वरचा रंग देऊ, पहिल्या वर्षाचे शुल्क माफ करू असे सांगितले जाईल. त्या बोलण्यात बुधवार निघून जाऊ देऊ नका. ‘पत्र पाठवले आहे, तुमचे उत्तर लेखी द्या’ एवढेच सांगून फोन ठेवा आणि आलेले उत्तर मला दाखवा.