सकाळी गाडी पटकन चालू होत नाही? आधी फ्युएल पंपाचा आवाज ऐक

भावा, लगेच इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा नोझल) क्लीनिंगला पैसे घालू नकोस. सकाळी थंड गाडीत बस, एसी-गाणी सगळं बंद, चावी ऑनला आण पण सेल्फ मारू नको आणि मागच्या सीटकडे कान दे, बऱ्याच गाड्यांत इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप तिथंच खाली टाकीत असतो, दोनेक सेकंद झुंईं करून गप्प झाला पाहिजे. आवाजच नाही तर आधी फ्यूज नि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघ. आवाज येतोय तर चावी तीनदा ऑन-ऑफ कर, दर वेळी दोन सेकंद थांब, मग सेल्फ मार. आता पटकन चालू झाली तर समज रात्रभरात पेट्रोलच्या लाईनचं प्रेशर उतरतंय, बहुतेक पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे टाकीत जाऊ न देणारी झडप) नाहीतर एखादा इंजेक्टर गळतोय. माझ्या जुन्या गाडीला हेच होतं आणि मी येड्यासारखे चारही प्लग बदलून बसलो होतो!

पुढचं गॅरेजमध्ये, पण प्रेशर मोजायचं गेज लावूनच बघायला सांग. बऱ्याच एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांना 3 ते 4 बार लागतं, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं काटा भराभर खाली येतो का ते बघत तिथंच उभा राहा. आणि हो, पेट्रोलचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नको, चावीसुद्धा फिरवू नको.