इंजिन टिकटिक करतंय, गॅरेजवाले २०डब्ल्यू-५० ऑइल टाका म्हणतात. टाकावं का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी कराडमध्ये, २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख २० हजार किलोमीटर झालेली. सकाळी चालू केली की टिकटिक येते, गरम झाल्यावर कमी होते पण जात नाही. मॅन्युअलमध्ये त्याहून पातळ, ५डब्ल्यू-३० ऑइल लिहिलंय.

माझं उत्तर स्पष्ट आहे, २०डब्ल्यू-५० टाकू नका. आवाज थोडा दबेल, पण ज्या कारणाने येतोय ते आत तसंच राहील. फार तर ५डब्ल्यू-४०पर्यंत जाता येईल, तेही खालच्या तपासण्या झाल्यावर.

आधी डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली हवीत. लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. इंजिनात एकूण ऑइलच तीन लिटरच्या आसपास, म्हणजे खालच्या खुणेवर आलेली गाडी पाव ते एक तृतीयांश ऑइल कमी असताना पळत असते. अशा गाडीने पसरणी किंवा कुंभार्ली घाट चढला, की वळणावर ऑइल चेंबरच्या (इंजिनच्या तळच्या टाकीच्या) एका कडेला जातं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आणि टायमिंग चेन तेव्हाच वाजायला लागतात. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलंही वाईट. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाचा दाब टिकत नाही. डिपस्टिकचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय आणि ते पातळ झालंय. त्यावर उपाय म्हणजे त्याच ग्रेडचं ताजं ऑइल.

मग आवाज कुठून येतोय ते शोधा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की जागा बऱ्यापैकी कळते. पट्टा आणि पंख्यापासून हात, ओढणी, मफलर लांब ठेवा.

वरून, टॅपेट कव्हरखालून, बारीक टिकटिक येत असेल तर ती व्हॉल्व्हची. मात्र पेट्रोल इंजेक्टरही सतत टकटकतात, ते नॉर्मल आहे. तुमच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) आहेत की साधे, हे मॅन्युअल किंवा वर्कशॉपमधून नक्की करून घ्या, कारण सगळा निर्णय इथेच फिरतो. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत टॅपेट साधे असतात. त्यांचा गॅप वाढला असेल तर जगातलं कुठलंही ऑइल तो भरून काढणार नाही. इंजिन थंड असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचा. काही इंजिनांत स्क्रूने, काहींत वेगळ्या जाडीचे शिम (चकत्या) किंवा बकेट (टॅपेटच्या वाट्या) घालून. गॅप आकड्यापेक्षा कमी कधीच ठेवू नका. थोडा वाजणारा व्हॉल्व्ह बरेच दिवस चालतो, पण गॅपच न उरलेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत तर सीट झिजून गॅप कमीच होत जातो, म्हणून तिथे शांत इंजिनचाही गॅप मोजायला हवा.

सकाळी दोन-तीन सेकंद खळखळ होऊन थांबत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर किंवा ऑइल फिल्टर बघा. फिल्टरच्या आत रबरी व्हॉल्व्ह असतो, तो रात्रभर ऑइल परत खाली उतरू देत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो. थंड असताना फटफट आणि गरम झाल्यावर शांत, असं असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट तपासा. खंबाटकी चढताना वरच्या गिअरमध्ये खडखड येते ती नॉकिंग, तिचा ऑइलशी संबंध नाही. गिअर खाली घ्या. आणि खालून जड ठकठक येत असेल, अॅक्सिलरेटर दिल्यावर वाढत असेल, तर बेअरिंग गेलंय असं समजा. ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

आता आकडे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा १०० अंश सेल्सिअसचा. १०० अंशाला ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं माप) असतं, ४० ग्रेड १२.५ ते १६.३, आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९. सांगली-जतकडचं ऊन कडक म्हणून दाट ऑइल हवं, असं पुष्कळ जण सांगतात. पण बाहेर ३० अंश असो की ४०, थर्मोस्टॅटमुळे इंजिनचं तापमान जवळपास ठरलेलंच राहतं, आणि ऑइल ९०-११० अंशांच्या घरात. आपल्या थंडीत २०डब्ल्यूनेही गाडी चालू होईल, अडचण पुढची आहे. ४० अंशाला ५डब्ल्यू-३० सुमारे ६०-७० सेंटीस्टोक असतं, तर २०डब्ल्यू-५० त्याच्या अडीच पट दाट. पहाटेच्या गारव्यात हा फरक आणखी वाढतो. जादा दाब सोडणारा पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, जास्तीचं ऑइल चेंबरकडे परत जातं आणि कॅमशाफ्ट, चेन टेन्शनर, व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) यांच्या बारीक वाटांत ऑइल उशिरा पोचतं. सकाळची टिकटिक त्यामुळे लांबूही शकते. मायलेजही घटतं.

माझ्या मते क्रम असा ठेवा. इंजिन कोमट असताना जुनं ऑइल काढा, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. कंपनीचा फिल्टर आणा, त्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, रबर टेकेपर्यंत हाताने घट्ट करा आणि वर पाऊण फेरा. ५डब्ल्यू-३०च भरा, डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलेलं. २०२०मध्ये आलेल्या या दर्जात टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही आहे. डबा सीलबंद घ्या आणि समोर उघडून घ्या. अर्धा लिटर कमी भरून एक मिनिट इंजिन चालवा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक बघत बाकीचं भरा. आतला गाळ धुणारं इंजिन फ्लश टाकू नका. इतक्या चाललेल्या इंजिनात सुटलेला गाळ जाळीत अडकला तर दाबच पडतो. ऑइलमध्ये मिसळायची, आवाज घालवणारी औषधंही टाकू नका, ती ऑइल दाट करतात, एवढंच.

तरीही गरम इंजिन आयडलवर वाजत असेल तर ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावायला सांगा. ढोबळ हिशोब दर १००० आरपीएमला १० पीएसआय, नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधला धरा. डॅशबोर्डचा लाल दिवा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो, त्यामुळे तो बंद आहे यावर विसंबू नका. दाब ठीक आणि गॅपही ठीक, पण हजार किलोमीटरला दोन-तीनशे मिली ऑइल कमी होतंय, अशा वेळी पुढच्या सर्व्हिसला ५डब्ल्यू-४० टाका. मॅन्युअलच्या तक्त्यात ४० ग्रेड दिलंय का ते आधी बघा. दाबच कमी असेल तर चेंबर उतरवून जाळी, पंप आणि बेअरिंग तपासून घ्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्यांना यातलं काही लावू नका. त्यांना कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल लागतं.

गेजचा आकडा आणि टॅपेटचा गॅप मिळाला की इथे लिहा. ऑइलची ग्रेड त्यावरून ठरवता येईल.