आधी नळ पाहा, मग वेळापत्रक

प्रश्न : कलाशिक्षणाची पदवी नुकतीच पूर्ण झाली. दोन शाळांतून बोलावणं आलंय. एकीकडे पगार जास्त, पण चित्रकलेला वेगळी खोली नाही. दुसरीकडे खोली आहे, पण जुनाट. काय पाहून ठरवू?

उत्तर : खोली जुनी असू दे, तिच्यात पाणी आहे का ते पाहा. 40 मिनिटांच्या तासिकेत मुलं स्थिरावायला 5, साहित्य वाटायला 5 आणि आवरायला 10 मिनिटं जातात. चित्रासाठी उरतात 20. त्यातही 30 मुलं आणि नळ एकच असेल, तर प्रत्येकाला अर्धा मिनिट धरलं तरी 15 मिनिटं रांगेतच संपतात. दोन-तीन नळ हवेत. एकच असेल तर दोन बादल्या ठेवा : पहिलीत रंग सोडवायचा, दुसरीत ब्रश खळबळायचा. नळ फक्त बादल्या भरण्यापुरता. बेसिनखाली गाळ अडवणारं भांडं बसवलंय का, तेही वाकून बघा. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं; ते मोरीत गेलं की पाइपच बदलावा लागतो.

मग वाळवणाची जागा. दिवसाला चार वर्ग म्हणजे 120 ओले कागद! पोस्टर कलर ओला असताना दोरीला टांगला की ओघळतो, म्हणून जाळीचे आडवे कप्पे लागतात. पाण्याची चमक गेल्यावर दोरी-चिमटे चालतात. कागदाचा साठा आडवा, जमिनीपासून वर आणि ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब हवा, नाहीतर कडा लाटांसारख्या वळतात. कुलूप लागणारं कपाट असायलाच हवं. लिनो (छापे काढण्यासाठी कोरायचा मऊ पत्रा) कोरायची हत्यारं मोजून द्यायची आणि मोजूनच परत घ्यायची असतात. पिवळ्या दिव्याखाली निळा मळकट दिसतो आणि फिका पिवळा पांढऱ्यात हरवतो, तेव्हा दिवेही लावून पाहा.

वेगळी खोली नसेल तर साहित्य ढकलगाडीवरून वर्गावर्गात न्यावं लागतं. ते जमतं, पण मजल्यामजल्यावर एक कपाट आणि दोन तासिकांमध्ये 10 मिनिटं मिळाली तरच. ती मिळणार नसतील, तर पगार थोडा कमी असला तरी आम्ही जुन्या खोलीकडेच झुकू. पहिल्या वर्षी तुमची शक्ती शिकवण्यात जायला हवी, ओझी वाहण्यात नाही.

प्रश्न : मुलाखतीत काय विचारलं तर उद्धटपणा वाटणार नाही?

उत्तर : 'वेळापत्रक पाहायला मिळेल का?' हा प्रश्न कुणालाच खटकत नाही आणि त्यातून सगळं कळतं. जोडतास आहे का ते पाहा. दोन सुट्या तासिकांत मिळून 40 मिनिटं काम होतं. 80 मिनिटांच्या जोडतासात मांडणं-आवरणं एकदाच होतं, म्हणून 60 मिनिटं मिळतात. एकाच इयत्तेच्या तुकड्या लागोपाठ असल्या तर मांडलेलं साहित्य तसंच ठेवता येतं. मातीनंतर लगेच जलरंगाचा वर्ग आला की टेबलं पुसण्यातच जीव जातो.

परीक्षा जवळ आल्या की चित्रकलेचे तास दुसऱ्या विषयांना देतात का, हेही स्पष्ट विचारा. समारंभाची सजावट आणि फलक कुणी करायचे, त्यासाठी वेळ वेगळा मिळतो का, हे रुजू होण्याआधीच बोलून घ्या. नंतर बोलणं अवघड जातं, आणि नव्या माणसावर ही कामं हमखास येतात. साहित्याच्या खर्चाचा आकडा तुम्हीच न्या : 150 मुलं, प्रत्येकी वर्षाला 20 कागद म्हणजे 3000, वाया जाणारे दहा टक्के धरून 3300. असा हिशेब समोर ठेवणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं.

प्रश्न : शाळेत मातीकामाची भट्टी आहे. ही जमेची बाजू धरावी का?

उत्तर : भट्टी वेगळ्या, हवेशीर खोलीत असेल, तिला स्वतंत्र वीजजोडणी असेल आणि ती चालवायला कुणी शिकवणार असेल तर जरूर धरा. वस्तू फुटतात त्या बहुतेक आतल्या ओलीमुळे : पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. वस्तूची भिंत साधारण 1 सेंटीमीटर जाड ठेवा, भरीव गोळे आतून पोकळ करा, निदान आठवडाभर सावलीत वाळवा आणि 100 अंशांच्या आत भट्टी बराच वेळ रेंगाळू द्या. मातीची वस्तू गालाला लावल्यावर गार लागली तर ती अजून ओली आहे. आणि त्या खोलीत कोरडा झाडू नको, ओलं फडकंच. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते.