चंद्रावर जाण्याआधी थोडा दम धर

ज्यूल व्हर्नच्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीबद्दल लोकांची मतं वाचून तू बिचकलास, हे कळलं. ‘नुसते आकडे’, ‘कुणी चंद्रावर उतरतच नाही’ या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांच्यावरून पुस्तक खाली ठेवू नकोस.

उतरत नाहीत हे खरं, पण 1865 चं हे पुस्तक अर्धीच गोष्ट सांगतं. माणसं बसलेला गोळा तोफेतून चंद्राकडे सुटतो आणि चंद्राभोवती फिरताना दिसतो, तिथेच शेवट. पुढचं सगळं ‘चंद्राभोवती’ या दुसऱ्या भागात आहे. दोन्ही जवळ ठेवूनच सुरुवात कर.

आता आकडे. गोळा कशाचा, तोफ केवढी, स्फोटक दारू किती, यावर गन क्लबची, म्हणजे तोफांचं वेड असलेल्या अमेरिकनांच्या क्लबची मंडळी प्रकरणंच्या प्रकरणं वाद घालतात. मला तोच भाग सगळ्यात आवडतो. सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर वेग त्यांनी धरलाय. पृथ्वीची ओढ सोडायला खरोखर 11.2 लागतो! चूक आहे ती तोफेत. 900 फुटांच्या नळीत एवढा वेग गाठायचा तर माणसावर त्याच्या वजनाच्या वीसेक हजार पट भार येईल. आतलं कुणीच वाचणार नाही. हे गणित वहीत स्वतः करून बघ, मजा येते.

कंटाळा आलाच तर मिशेल आर्दां या धाडसी फ्रेंच माणसाची तार येईपर्यंत तरी थांब. गोल गोळ्याऐवजी लांबट, टोकदार गोळा करा, मी आत बसून जाणार, असं तो कळवतो, आणि तिथून कादंबरी अक्षरशः धावत सुटते. इतरांची मतं त्यानंतर वाच.