वाचकांचे प्रश्न: घरच्या तिचाकीला चाकं कुठली?

प्रश्न: नमस्कार सर, मी घरीच तिचाकी सायकल बनवतोय, पुढे दोन चाकं आणि मागे एक, सीट एकदम खाली. फ्रेमचं वेल्डिंग निम्मं झालंय. जुन्या सायकलींची २६ इंची चाकं घरात पडून आहेत, तीच तिन्हीकडे बसवली तर चालतील का? मोठं चाक खड्ड्यातून आरामात जातं म्हणून विचारतोय.

उत्तर: मागे बसवा, पुढे नका बसवू. खड्ड्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण पुढच्या चाकांना खड्ड्यापेक्षा वळण जास्त त्रास देतं. साधी सायकल वळताना झुकते ना, त्यामुळे सगळा भार चाकाच्या उभ्या रेषेतच राहतो आणि सायकलचं चाक बनवलेलंच असतं त्या भारासाठी. तिचाकी झुकत नाही, ती सरळ उभी राहून वळते, मग तोच भार चाकाला आडवा ढकलतो आणि आडव्या भाराला स्पोकचं चाक खूप कच्चं असतं.

आकडा घालून बघा. तुम्ही आणि गाडी मिळून १५० किलो धरा आणि १० मीटर त्रिज्येचं वळण ताशी २० किमीने घेतलं, तर आडवा रेटा साधारण ४७ किलो वजनाइतका येतो. तेच वळण ३० ने घेतलं की रेटा १०६ किलोच्या आसपास जातो, म्हणजे वेग दीडपट झाला तर रेटा सव्वादोनपट. आणि यातला मोठा वाटा बाहेरच्या बाजूचं चाक घेतं कारण वळताना वजनही तिकडेच सरकतं. २६ इंची चाकात रिम हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून, लांब, त्यामुळे तरफेसारखा जोर लागतो, स्पोकही लांब, रिमही लवचिक, आणि एखाद्या दिवशी चाकाचा द्रोण होतो. २० इंचीत हेच सगळं आखूड आणि ताठ असतं, म्हणून पुढे २०च घ्या, ३६ स्पोकची, रिम डबल वॉलची (आतून दुहेरी भिंतीची), आणि हब असा की दोन्ही फ्लँजमधलं, म्हणजे स्पोक अडकवायच्या दोन कडांमधलं, अंतर जास्तीत जास्त असेल. तंबूच्या दोऱ्या खांबापासून जितक्या लांब बांधाल तितका तंबू पक्का, तसंच हे. गिअरच्या सायकलचं मागचं चाक पुढे वापरायचा मोह टाळा, त्यात एका बाजूचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि त्या बाजूला आधार फारसा नसतो.

आता एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, माझ्या मते चाकापेक्षाही महत्त्वाचा. सायकलचा एक्सल दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेला असतो, तुमच्या पुढच्या चाकांना मात्र एकाच बाजूने आधार आहे. माझ्या पहिल्या तिचाकीला मी साधा १० मिमीचा एक्सल तसाच एका बाजूने पकडून लावला होता आणि थोड्याच दिवसांत दोन्ही चाकं वरून आत कललेली दिसायला लागली, आधी वाटलं वेल्डिंग हललं, खोलून बघितलं तर एक्सलच वाकलेले. तुटला नाही हे नशीब, कारण वेगात असताना तुटला असता तर चाक निघूनच गेलं असतं. त्यामुळे कमीत कमी १२ मिमीचा, जमलं तर १५ किंवा २० चा चांगल्या स्टीलचा एक्सल घ्या, हब लेथवर करून घेत असाल तर १५ ला ६२०२ आणि २० ला ६००४ बेअरिंग बसतं. बाजारात मिळणारा सळईसारखा मऊ थ्रेडेड रॉड कृपया वापरू नका. ब्रेकही त्याच हबवर डिस्क किंवा ड्रमचा लागेल, कारण रिमब्रेक बसवायला तिथे फोर्कच नाही.

आणि टायर आणायच्या आधी साइडवरचा नंबर वाचा. २० इंच नावाने दोन वेगळ्या मापांच्या रिम येतात, ४०६ आणि ४५१, एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरवर ४७-४०६ असं लिहिलेलं असेल तर ४७ मिमी रुंदी आणि ४०६ मिमी रिमचं माप. ४०६ घ्या, त्यात रुंद आणि मजबूत टायर भरपूर मिळतात.

प्रश्न: माझ्या तिचाकीला मागच्या चाकात हब मोटर टाकायचीय. चाक २६ चं ठेवू की २० चं? आणि मोपेडची चाकं लावली तर?

उत्तर: ओढ हवी असेल, चढ असेल, सामान असेल तर २०. तीच मोटर २० इंचीत टाकली की ओढ साधारण १.३ पट होते आणि टॉप स्पीड पाऊणपट होतो, आणि तिचाकीला टॉप स्पीड कमी असलेला बराच. मोटरचा हब मोठा असल्याने छोट्या रिममध्ये स्पोक फार आखूड होतात आणि निपलपाशी (रिममधल्या स्पोकच्या नटापाशी) तिरके घुसतात, तिथेच तुटतात, म्हणून ते कमी क्रॉसमध्ये विणून घ्या, म्हणजे एक स्पोक दुसऱ्यांना कमी वेळा छेदेल असे, अगदी एकच क्रॉस किंवा सरळ. १३ गेजचे, म्हणजे साधारण २.३ मिमीचे स्पोक पुरतात, जाड म्हणून १२ गेज भरायची गरज नसते कारण सायकलची रिम तितका ताण झेलत नाही आणि स्पोक ढिलेच राहतात. मोटरच्या एक्सलला टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू न देणारी पट्टी, लावाच, नाहीतर एक्सल खाचेत फिरून वायर तोडतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे स्पोक परत ताणून चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्या.

मोपेडचं चाक जड आहे, पॅडल मारायचं असेल तर पायाला जाणवेल, पण फक्त मोटरवर चालवणार असाल आणि ३०च्या पुढे जाणार असाल तर मी तेच सुचवेन, एक्सल जाड, ब्रेक आतच, आणि टायरवर किती वजन झेलतो तेही लिहिलेलं असतं. मोपेडची १६ इंची रिम आणि सायकलची ४०६ यांचं माप जवळजवळ एक आहे, पण म्हणून मोपेडचा टायर सायकलच्या रिमवर चढवून वेगात जाऊ नका, टायरची कड आणि रिमची खाच दोन्हींची घडण वेगळी असते.

प्रश्न: व्हीलचेअरची जुनी चाकं मिळालीयत, एका बाजूनेच बसतात, पुढे लावू का?

उत्तर: हळू, सपाट रस्त्यावर, फक्त पॅडलवर चालणार असेल तर हो, पण एक्सल आधी तपासा. यांना ब्रेक लावायला हबवर जागा नसते, तेव्हा सगळा ब्रेक मागच्या एका चाकावर येईल आणि थांबताना वजन पुढे सरकलं की तेच चाक घसरतं. शिवाय २४ इंची व्हीलचेअरची रिम बहुतेक ५४० मापाची असते आणि २४ इंची माउंटन सायकलची ५०७, त्यामुळे जाड टायर शोधताना अडाल. उतार असेल तर ही चाकं लावू नका.